सुरूबनांतील सायकलभ्रमंती, कोकण किनाऱ्यावरील

समुद्रकाठची सुरूची बने, पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांना लागून असलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या यांमधून मुक्काम करत, सावकाश केलेला सायकलप्रवास. वेळेची किंवा अंतराची चढाओढ त्यात नसते. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांचा किनारा हे त्याचे मुख्य क्षेत्र होय. मैलोन्‌मैल सलग सुरूबन कोकणात कोठेही नाही. खाड्या व डोंगरसोंडांनी तोडलेल्या एकेका पुळणीमागे अरुंद पट्टा, एवढाच त्याचा विस्तार असतो. अलिबागजवळचे वरसोली, आक्षी व नागाव, पुढे काशीद, श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर व आरावी, दापोलीजवळचे मुरूड-कर्दे, गुहागर, रत्नागिरीलगतचे भाट्ये आणि वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याचे वेळागर ही त्यांपैकी परिचित ठिकाणे.

वृक्ष : सुरू किंवा खडशेरणी (कॅझुअरिना इक्विसेटिफोलिया) हा लांबून पाइनसारखा दिसत असला तरी तो पाइनच्या कुळातला नाही, तो सपुष्प वनस्पतींत मोडतो. सुया म्हणून ज्या ओळखल्या जातात त्या पाने नसून हिरव्या, पेरेदार डहाळ्या असतात. अशी एक डहाळी दोन्ही टोकांनी हलकेच ओढली की ती पेऱ्यावर सुटते आणि तेथे साध्या डोळ्यांनाही दातेरी कडे दिसते. त्या कड्यातले सहा ते आठ बारीक दाते हीच सुरूची पाने. मुळांवरील गाठींत फ्रँकिया हे जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. निव्वळ वाळूत हे झाड तग धरते, ते मुख्यतः यामुळे.

सुरू या किनाऱ्यावर केव्हा आला याविषयी एकमत नाही. म्यानमारपासून ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक बेटांपर्यंतचा किनारा हे त्याचे मूळ क्षेत्र मानले जाते. अंदमान-निकोबारमध्येही तो नैसर्गिक असल्याचे सामान्यतः मान्य आहे. त्यावरून, प्रवाहाबरोबर वाहत आलेल्या फळांतून तो पश्चिम किनाऱ्यावरही आपोआप रुजला असावा, असे मत मांडता येते. वनविषयक ग्रंथांत मात्र पश्चिम किनाऱ्यावरील पहिली लागवड १८६८ च्या सुमारास कारवारजवळ झाल्याची नोंद वारंवार आढळते. कारवार ज्यात येते तो उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला होता. म्हणजे कारवार आणि रत्नागिरी एकाच इलाख्याच्या कारभाराखाली होते व रोपे उत्तरेकडे सरकण्यास प्रशासकीय अडचण नव्हती. पूर्व किनाऱ्यावर त्याच सुमारास रेल्वेच्या जळणासाठी सुरू लावला जात होता. लागवडीचे मत अधिक ग्राह्य वाटण्याचे कारण प्रत्यक्ष बनातही सापडते. जुन्या पट्ट्यांत झाडे सरळ ओळींत उभी असतात, त्यांचे घेर जवळजवळ सारखे असतात आणि खाली साचलेल्या सुयांच्या जाड थरात नवे रोप क्वचितच दिसते. आपोआप वाढलेल्या रानाची ही लक्षणे नव्हेत. कोकणातील निरनिराळ्या पट्ट्यांची लागवड निरनिराळ्या काळी झालेली असणे संभवते. आज दिसणारी बरीच बने विसाव्या शतकातील, मुख्यतः वारा व धूप अडवण्यासाठी वनखात्याने लावलेली असावीत.

वाळूच्या टेकड्या : येथील टेकड्या सामान्यतः ठेंगण्या असतात. वारा सर्वांत जोरकस असतो तो जून ते सप्टेंबर या काळात, पण तेव्हा वाळू ओली असल्याने उडत नाही. वाळू हलते ती मुख्यतः फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांनी. मर्यादावेल व स्पिनिफेक्स गवत ही वाळू अडवून धरतात. त्यांच्या मागे निवडुंग, केवडा व उंडी येतात आणि मग वाडीचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, लागतो.

या ठेंगण्या मालिकेला ठळक अपवाद दापोली तालुक्यातील केळशीचा. भारजा नदीच्या मुखाशी येथे सुमारे १८ मी. उंचीची टेकडी आहे. सागरी महामार्गावरील पुलाच्या कामात तिचा काही भाग कापला गेला. नुकसान मोठे झाले. मात्र उघड्या पडलेल्या छेदात वाळूच्या थरांमध्ये खापरे, हाडे, कोळसा व मध्ययुगीन नाणी आढळली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या अवशेषांचा अभ्यास करून, टेकडीच्या निर्मितीत त्सुनामीचा हात असल्याचे मत मांडले. त्याला दुजोरा म्हणून सप्टेंबर १५२४ मधील घटनेचा उल्लेख होतो. वास्को द गामाच्या ताफ्यातील जहाजे वारा पडलेला असताना अचानक हेलकावल्याचे पोर्तुगीज वृत्तांत सांगतात. ही घटना दाभोळसमोर घडली की त्याहून उत्तरेस, गुजरातच्या बाजूला, याबद्दल ते वृत्तांत जुळत नाहीत. अरबी समुद्रात त्सुनामी उद्‍भवू शकते, हे मात्र नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाने दाखवून दिले. त्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या व तेथे माणसे दगावली होती.

दुसऱ्या मताप्रमाणे ही टेकडी मूलतः वाऱ्याने रचलेली आहे. त्सुनामीचा गाळ बहुधा पातळ चादरीसारखा पसरतो. एका लाटेने अठरा मीटरचा ढीग उभा राहणे कठीण. उलट नदीमुखाशी वाळूचा पुरवठा भरपूर आणि खाऱ्या वाऱ्याला वाट मोकळी, अशी केळशीची स्थिती आहे. वाऱ्याने दीर्घकाळ वाढवलेल्या टेकडीत एखाद्या सागरी आपत्तीचा थर अडकला असावा, ही मधली भूमिका दोन्ही प्रकारच्या पुराव्यांशी जास्त जुळते. केळशीत आलेल्या सायकलस्वाराने हा छेद लांबूनच पाहावा. सैल वाळूवर चढल्यास थर ढासळतात आणि पुरावा कायमचा जातो.

वारा, भरती व मार्ग : हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात, दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात व सूर्यास्तानंतर पडतात. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणे सोयीचे. उलट दिशेने दुपारचा प्रत्येक किलोमीटर अंगावर येतो. पुळणीवर सायकल चालते ती ओहोटीच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरच. त्यासाठी कोळ्यांचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. ही वेळ मुंबईकडे बरीच जुळते, दक्षिणेस थोडा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत लांब ओसरते आणि पट्टा रुंद मिळतो, पण भरती परतताना तो तितक्याच झपाट्याने बुडतो. काही ठिकाणी पाण्याच्या कडेला करळ, म्हणजे चुन्याने सांधलेल्या वाळूचा खडक, उघडा असतो. त्याच्या कडा टायर कापतात.

खाड्या ओलांडण्यासाठी फेरीबोटी आहेत : आगरदांडा-दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला-वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे (२००३ पासून) आणि शास्त्री नदीवर तवसाळ-जयगड. सायकल त्यांवर सहज चढते. दिवेआगरहून शेखाडी व आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराच वेळ समुद्र सोडत नाही आणि सुरू, वाळू व खडकाळ किनारा हे तिन्ही थोडक्यात दाखवतो. नवख्याने सुरुवात येथूनच करावी. दाभोळ-गुहागर भागात मात्र प्रत्येक खाडीनंतर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढून पुन्हा उतरावे लागते. सपाट किनारी प्रवास ही कल्पना येथे लगेच मोडते. गुहागरच्या लांब पुळणीमागचे बन या चढउतारानंतर लागते व तेथे मुक्कामाला वेळ राखून ठेवणे योग्य.

या भ्रमंतीचा लिखित इतिहास तुटक आहे. कोकणात सायकल प्रथम रुजली ती पोस्टमन, पाववाले व मासेविक्रेते यांच्या कामाची म्हणून. हौशी प्रवासाला गेल्या काही दशकांत, विशेषतः कोकण रेल्वे (१९९८) पूर्ण सुरू झाल्यानंतर, अधिक वाव मिळाला.

साधनांबाबत विशेष सांगण्यासारखे थोडे : रुंद टायर, पुळणीवर हवा कमी, रस्त्यावर आल्यावर पुन्हा पूर्ण. खाऱ्या पाण्याने चेन एका रात्रीत तांबूस होते; मुक्कामी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे.

संरक्षण : सुरू वाळू थोपवतो, पण भरतीरेषेच्या फार जवळ लावल्यास मर्यादावेलीसारख्या मूळ वनस्पतींची जागा घेतो व पुळण आणि टेकडी यांमधील वाळूची देवघेव अडते. त्याची पसरट मुळे वादळात पुरत नाहीत, हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर-दापोली पट्ट्यात दिसून आले. बनेच्या बने आडवी झाली. नव्या लागवडीत सुरूबरोबर उंडी, करंज व केवडा यांना पुढची जागा मिळणे इष्ट होय. किनारी विनियमन क्षेत्राच्या नियमांनुसार वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित वर्गात येतात. वेळास, आंजर्ले, केळशी व गुहागर येथे ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. वेळासला २००२ पासून ग्रामस्थांच्या सहभागाने त्यांचे संवर्धन चालते. घरटी भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत असल्याने या महिन्यांत सायकल ओल्या पट्ट्यातच ठेवावी, पुळणीवर यायचे-जायचे ते गावच्या रुळलेल्या वाटेने, सायकल हातात धरून. आणि अंधार पडल्यावर दिवा लावून पुळणीवर उतरू नये, कारण प्रकाशाने मादी अंडी न घालताच माघारी फिरते.