चालू होताच बंद पडणारा संगणक

बटण दाबावे, पंखे फिरू लागावेत, दिवा लागावा आणि पडद्यावर काही उमटण्याआधीच सारे थांबावे, ही तक्रार जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या सेवा केंद्रांना, शाळांना आणि दुकानांना नवी नाही. अशा वेळी ‘पॉवर सप्लाय’ (संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) ‘गेला’ असा तर्क करून तो लगेच बदलला जातो आणि पुष्कळदा तो खर्च वाया जातो. संगणक असा अचानक बंद होतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्यातील एखाद्या संरक्षक यंत्रणेने तो मुद्दाम बंद केलेला असतो. अशा यंत्रणा अनेक आहेत आणि प्रत्येकीला निर्णय घेण्यास लागणारा वेळ वेगळा आहे. म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वी, बटण दाबल्यापासून संगणक बंद होईपर्यंत किती सेकंद गेले हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजावे. या तपासणीला काहीही खर्च येत नाही आणि निम्मे निदान तिथेच होते.

संगणक पंख्याची जेमतेम एखादी फेरी होताच थांबत असेल, तर कारण विजेच्या वाटेवर शोधावे. इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स या मदरबोर्ड (सर्व भाग जोडलेला मुख्य फलक) आणि पॉवर सप्लायच्या रचनेत पॉवर सप्लाय बटण दाबण्यापूर्वीही ५ व्होल्टचा एक क्षीण पुरवठा चालू ठेवतो. बटण दाबल्यावर मदरबोर्ड त्याला इशारा देतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू होतात. ते ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे साधारण पाच टक्के कमी-अधिक, स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांनी ‘वीज ठीक आहे’ असा संकेत जातो आणि त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. या काळात कोठे शॉर्टसर्किट आढळले, तर पुरवठा लगेच तोडला जातो. कॅबिनेटमध्ये पडलेला एखादा स्क्रू, मदरबोर्डखाली चुकीच्या जागी बसवलेला पितळी आधार, यूएसबीच्या खाचेतील वाकलेली पिन, ही त्याची नेहमीची कारणे होत. यानंतर बटण पुन्हा दाबले तरी संगणक हूं की चूं करत नसेल, आणि भिंतीवरील स्विच बंद करून थोडा वेळ थांबल्यावरच पुन्हा हालचाल करत असेल, तर संरक्षक यंत्रणेनेच पुरवठा तोडला होता असे समजण्यास हरकत नाही.

दर वेळी नेमके चारेक सेकंदच जात असतील, तर आधी बटणाकडे पाहावे. बटण चार सेकंद दाबून धरल्यास संगणक सक्तीने बंद करावा, अशी सोय मदरबोर्डमध्ये असते. धुळीने बटण आत अडकले, तर संगणकाला ते कोणीतरी दाबून धरल्यासारखेच वाटते. कॅबिनेटच्या बटणाची दोन तारांची जोडणी मदरबोर्डवरून काढावी आणि त्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. संगणक आता चालू राहिला, तर दोष त्या स्वस्तातल्या बटणाचा होता.

पाच-दहा सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत चालून बंद पडणारा संगणक मात्र उष्णतेकडे बोट दाखवतो, आणि खानदेशात या कारणाला विशेष महत्त्व द्यावे लागते. प्रोसेसरचे तापमान ठरवणारा हिशेब साधा आहे: भोवतालच्या हवेचे तापमान, अधिक प्रोसेसरने खाल्लेले वॉट गुणिले हीटसिंकचा, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या, उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा, उष्णतेला होणारा अडथळा. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि दर वॉटमागे अर्धा अंश अडथळा धरला, तर वाढ साधारण ३२ अंशांची होते. हीटसिंकच्या पट्ट्यांत धूळ साचून तोच अडथळा दुप्पट झाला, तर वाढ ६५ अंशांवर जाते. संक्रांतीच्या सुमारास कॅबिनेटमधील हवा २५ अंशांवर असताना प्रोसेसर त्याही स्थितीत ९० अंशांवर निभावून नेतो, पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत पत्र्याच्या छपराखाली हीच हवा ५० अंशांवर पोहोचली की बेरीज ११५ होते. बहुतेक प्रोसेसरांची कामाची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती ओलांडली जाऊ लागली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापमान वाढतच राहिले, तर वीज तोडण्याचा संकेत थेट मदरबोर्डला देतो. हिवाळाभर निमूट चाललेला संगणक उन्हाळ्यात एकाएकी बिघडल्यासारखा का वाटतो, ते या आकड्यांवरून कळते.

जिनिंग-प्रेसिंगच्या परिसरात तर नुसती धूळ नसते. रुईचे बारीक तंतू पंख्याने आत ओढले जातात आणि हीटसिंकच्या पट्ट्यांवर त्यांचा घट्ट थर बसतो. तो पंख्याखाली असल्याने वरून दिसत नाही, म्हणून पंखा सोडवून पाहणे आवश्यक आहे. हीटसिंक चार प्लॅस्टिक खुंट्यांवर बसवलेला असेल, तर त्यांतील एखादी खुंटी निसटलेली असणे ही आणखी नेहमीची गोष्ट आहे. तसे झाल्यास हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्यामध्ये हवेची फट राहते आणि तापमान काही सेकंदांतच मर्यादा गाठते. शंका असल्यास संगणक बंद पडताच पुन्हा सुरू करावा. आधीपेक्षा लवकर बंद झाला आणि अर्धा तास थंड होऊ दिल्यावर अधिक वेळ चालला, तर कारण जवळजवळ निश्चितपणे उष्णताच आहे. सफाई ब्लोअरने, घराबाहेर आणि पंख्याची पाती हाताने धरून करावी. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावावी.

उष्णतेचा दुसरा, संथ परिणाम पॉवर सप्लायमधील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांवर, होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा अभियंते वापरतात. थकलेला पॉवर सप्लाय भार कमी असेल तर तो पेलतो, पण सुरू होतानाच्या मोठ्या मागणीला त्याचे व्होल्टेज खाली जाते आणि संगणक बंद पडतो. शेतीपंप चालू असताना व्होल्टेज उतरणाऱ्या गावांत हे अधिक सहज घडते. पॉवर सप्लाय उघडून पाहण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्याची खरी तपासणी दुसरा, खात्रीचा पॉवर सप्लाय जोडूनच होते.

एवढ्याने कारण न सापडल्यास मदरबोर्डवर प्रोसेसर, हीटसिंक आणि रॅमची एकच पट्टी ठेवून बाकी सर्व काढावे. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, समोरच्या यूएसबीची तार, यांपैकी काहीही राहू देऊ नये, पण प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वीजजोडणी नीट बसल्याची खात्री करावी. मदरबोर्डवरील तीन व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी संपली, तर सहसा फक्त घड्याळ मागे पडते, त्यामुळे तिच्यावर संशय शेवटी घ्यावा. संगणक आता टिकला, तर एकेक भाग परत जोडत जावे. ज्या भागानंतर तो पुन्हा बंद पडेल, तो भाग किंवा त्याची जोडणी सदोष आहे. खात्रीचा पॉवर सप्लाय आणि रॅमची दुसरी पट्टी लावूनही तो थांबत असेल, तर दोष मदरबोर्डमध्ये किंवा क्वचित प्रोसेसरमध्ये आहे, आणि दहा वर्षांहून जुन्या यंत्रात त्यावर खर्च करण्याऐवजी हार्ड डिस्क काढून त्यातील माहिती दुसऱ्या संगणकावर उतरवून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.