टॅलसवरचा अंगठा

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघाल्या, की लहानग्यांचे उपचार अर्धवट सुटतात. यंदा केजकडच्या एका आजींनी दीड महिन्याचा नातू दाखवला. डावं पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली. "गिराणात सुनंनं भाजी चिरली, म्हणून झालं," त्या म्हणाल्या. ग्रहणाचा आणि पायाचा काडीचाही संबंध नाही. साधारण हजारात एक बाळ असं आत वळलेलं पाऊल, म्हणजे क्लबफूट, घेऊन जन्मतं. त्या पोरीवर आळ घेऊ नका.

आजी रोज तेल लावून पाऊल बाहेर पिळत होत्या. पूर्वी डॉक्टरांच्या हातूनही जवळपास हीच चूक व्हायची. घोट्याच्या खोबणीत टॅलस नावाचं हाड बसतं. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. टाचेचं हाड आणि त्यापुढची नॅव्हिक्युलर, क्युबॉइड ही हाडं त्याच्याभोवती एकत्रच आत सरकलेली असतात. जात्याचा मधला खुंटा हलता असेल तर तळी फिरेल कशी? इग्नासियो पोन्सेटी यांनी अमेरिकेत आयोवा इथे 1940 च्या दशकाच्या अखेरीस हा खुंटा पकडला. टॅलसच्या डोक्यावर बाहेरून अंगठा रोवायचा आणि त्याच्याभोवती अख्खं पाऊल हळूहळू बाहेर फिरवायचं. टाचेला हात लावायचा नाही. पुढचं पाऊल वळलं की ती आपोआप मागोमाग येते. पहिल्या प्लास्टरात तर अंगठ्याकडची कड वर उचलतात, म्हणजे तळव्याची खोल खळी उघडते. पाय तेव्हा आणखीच वाकडा दिसतो आणि घरचे घाबरतात. तान्ह्या बाळाच्या अस्थिबंधांतले, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांतले, कोलॅजन या प्रथिनाचे धागे लहरीदार असतात. ते अलगद ताणून प्लास्टरात पाच-सात दिवस तसेच धरले, की लांबतात. मग पुढचं प्लास्टर, मांडीपर्यंत, गुडघा वाकवून. अशी पाच-सहा पुरतात.

टाच खाली आणायचं काम शेवटी. आधीच पाऊल वर रेटलं तर ते मधूनच मोडल्यासारखं वाकतं. बहुतेकांची टाचेमागची शिर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड स्नायुबंध (रक्तवाहिनी नव्हे), बारीक छेद देऊन कापतात; तीन आठवड्यांत ती पुन्हा जुळते.

खरी कसोटी पुढे, पट्टीवर बसवलेल्या बुटांची. तीन महिने दिवसाचे 23 तास, मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. बूट सुटले, की पाऊल परत आत वळतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे, पण फडावरच्या कोपीत बूट घालणार कोण?

त्या घरात उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम, अख्ख्या कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, घेतली होती. सून प्लास्टरसाठी मागे राहिली. नवरा अर्धा कोयता म्हणून गेला.