यंत्र आधी, पाठ नंतर : शिक्षकांच्या तंत्रज्ञान-कार्यशाळांची पार्श्वभूमी

शालेय शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाची कार्यशाळा आखायला बसले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणते साधन शिकवायचे? मुलांना कोणता घटक अवघड जातो आणि तिथे हे साधन नेमके काय करील, याची चर्चा पुढे कधीतरी, वेळ उरलाच तर, शेवटच्या दिवशी जेवणानंतर होते. याचा दोष एखाद्या अधिकाऱ्याला किंवा सुलभकाला, म्हणजे कार्यशाळा चालवणाऱ्याला, देऊन भागत नाही. हा क्रम सुमारे पन्नास वर्षांत घडत आला आहे. यंत्रे कोणी पुरवली, प्रशिक्षण कोणत्या वाटेने शिक्षकापर्यंत उतरले आणि ते झाले हे सरकारने कशावरून मानले, यांवरून कार्यशाळांचा साचा ठरत गेला.

सुरुवात मात्र या साच्यात बसणारी नव्हती. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने इस्रोने ‘साइट’ हा दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवण्यात आले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. या प्रयोगाचा एक भाग म्हणून हजारो प्राथमिक शिक्षकांना सुट्टीच्या काळात विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. पडद्यावरचा कार्यक्रम हा त्याचा एक तुकडा होता. जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होते आणि हाताने करून पाहायचे प्रयोग होते. शिक्षकांना शिकायचे होते ते विज्ञान कसे शिकवावे हे. दूरचित्रवाणी संच कसा चालतो हे नव्हे. पुढच्या कित्येक योजनांना ही साधी गोष्ट साधली नाही.

१९८४मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पातून संगणक शाळेत आला. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांनी मिळून पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळा निवडल्या आणि त्यांना ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले. आज हातातल्या फोनवरच्या एका छायाचित्रालाही पुरणार नाही एवढी, म्हणजे ३२ किलोबाइट, स्मृती असलेले हे यंत्र होते. निवडलेल्या शाळांतील थोड्या शिक्षकांना संसाधन केंद्रांत बोलावून प्रशिक्षण देण्यात आले. ही केंद्रे बहुतांशी अभियांत्रिकी व तत्सम उच्च शिक्षण संस्थांत होती. तेथील प्राध्यापकांना यंत्र उत्तम कळत होते. सातवीचा वर्ग सांभाळण्याचा अनुभव मात्र त्यांना नव्हता, आणि तो असावा अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. त्यामुळे अभ्यासक्रमात संगणकाचे भाग, आज्ञा आणि ‘बेसिक’ या संगणक-भाषेतील छोटे प्रोग्राम यांना स्वाभाविकच मोठी जागा मिळाली. सुरुवातीचे शैक्षणिक सॉफ्टवेअरही ब्रिटनमधून आलेले असल्यामुळे ते आपल्या पाठ्यपुस्तकाशी जोडणे शिक्षकांवरच सोपवले गेले. ‘तंत्रज्ञान-प्रशिक्षण म्हणजे यंत्राची ओळख’ हे समीकरण इथे पक्के झाले.

दुसरी गोष्ट घडली ती प्रशिक्षणाच्या वाटेत. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर देशभरातील शिक्षकांचे सामूहिक उद्बोधन सुरू झाले, १९८७पासून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपण ज्यांना ‘डाएट’ म्हणतो त्या, उभ्या राहू लागल्या आणि कास्केड पद्धत रूढ झाली. राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार करायचे, त्यांनी जिल्हास्तरावर मास्टर ट्रेनर घडवायचे, त्यांनी तालुक्याला आणि तालुक्याने केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, शिकवायचे. लाखोंच्या संख्येतील शिक्षकांपर्यंत थोड्या काळात पोहोचण्याचा दुसरा मार्ग तेव्हा उपलब्ध नव्हता, हे मान्यच करावे लागेल. परंतु प्रत्येक पायरीवर काही गळत जाते, आणि गळते ते नेमके महत्त्वाचे. पुण्यात पाच दिवस चाललेले प्रशिक्षण जिल्ह्याला तीन दिवसांचे आणि तालुक्याला दोन दिवसांचे होऊ लागले की प्रत्यक्ष करून पाहण्याचा वेळ कापला जातो. स्लाइड आणि भाषण तेवढे शाबूत राहते. तंत्रज्ञानाच्या बाबतीत हे अधिकच घातक ठरले, कारण संगणकावर काम करणे निव्वळ ऐकून येत नाही.

ही गळती थांबवण्याचा एक उपाय आकाशातून करून पाहण्यात आला. १९९६मध्ये कर्नाटकात उपग्रहाद्वारे सात दिवसांचे दूर-प्रशिक्षण झाले. चित्र एका बाजूने जाई आणि आवाज दोन्ही बाजूंनी, म्हणजे जिल्ह्यातील केंद्रात बसलेला शिक्षक दूरध्वनीवरून थेट तज्ज्ञाला प्रश्न विचारू शकत असे. मधल्या पायऱ्या गाळून सर्वांना एकच तज्ज्ञ मिळाला. मात्र केंद्रात हजर असलेला स्थानिक सुलभक जितका तयारीचा, तितकेच त्या दिवसाचे फळ, हेही अशा प्रयोगांतून दिसले. २००४मध्ये एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह सोडल्यावर हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर पुन्हा आली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर खरा धक्का एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने दिला. २००१मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि या अभ्यासक्रमाने गावोगावच्या संगणक केंद्रांत राज्यातील मध्यमवर्गाला माऊस धरायला शिकवले. शासकीय कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकांनाही तो अनिवार्य झाला. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरली आणि मुदतीत उत्तीर्ण न झालेल्यांची वेतनवाढ रोखण्याचे व दिलेली वसूल करण्याचे प्रकरण पुढे अनेक वर्षे निवेदनांत आणि न्यायालयांत गाजत राहिले. या सक्तीचा फायदा झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिल्हा परिषदेच्या शाळांतील एका मोठ्या पिढीची संगणकाची भीती तिने घालवली. पण हा अभ्यासक्रम शिक्षकांसाठी रचलेला नव्हता. कारकून, दुकानदार, विद्यार्थी आणि गुरुजी यांना एकच तक्ता, एकच पत्र आणि एकच सादरीकरण करावे लागे. त्याहून दूरगामी परिणाम असा झाला की तंत्रज्ञान शिकणे ही प्रमाणपत्र मिळवून सेवापुस्तकात नोंदवून घेण्याची बाब आहे, अशी समजूत शिक्षक आणि प्रशासन या दोघांच्याही मनात रुजली.

त्या काळच्या कार्यशाळांचा किती वेळ टंकाने म्हणजे फाँटने खाल्ला, याचीही नोंद घ्यायला हवी. कोणत्याही संगणकावर सारखीच अक्षरे दाखवणारी युनिकोड पद्धत रुळण्यापूर्वी मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा वेगवेगळ्या फाँटांत टंकला जाई. घरी किंवा शाळेत शिक्षकाने कष्टाने तयार केलेली प्रश्नपत्रिका तालुक्याच्या गटसाधन केंद्राच्या संगणकावर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे उमटत. मग फाँट शोधा, पेन ड्राइव्हवरून चढवा, संगणक पुन्हा सुरू करा, यात सकाळचे सत्र संपे. त्यात भारनियमन. दीपप्रज्वलन, स्वागत आणि मनोगते आटोपून प्रत्यक्ष संगणकाला हात लागेपर्यंत वीज जाण्याची वेळ होई, हे त्या वर्षांत प्रशिक्षण घेतलेल्या कोणालाही आठवेल.

याच काळात समांतर असा एक वेगळा प्रवाह आला. इंटेल कंपनीचा ‘टीच’ हा कार्यक्रम २०००पासून भारतात सुरू झाला. मूळ अभ्यासक्रम ४० तासांचा, चार-चार तासांच्या दहा सत्रांचा होता आणि त्याचा आराखडा उलट्या टोकाने केलेला होता. शिक्षकाने येताना आपल्या विषयातील एक घटक निवडून आणायचा, दहा सत्रांत त्याभोवती नियोजन, विद्यार्थ्यांच्या कामाचा नमुना आणि मूल्यमापनाचे निकष तयार करायचे, आणि सॉफ्टवेअर शिकायचे ते या कामाच्या ओघात. कल्पना नामी होती. अडचण अशी की ती चालती प्रयोगशाळा, इंटरनेट आणि एका घटकाला आठवडाभर देण्याची मुभा गृहीत धरत होती. तास ३५ मिनिटांचा आणि संगणक कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, अशा शाळेत परतल्यावर त्या सुंदर फायली सीडीवरच राहिल्या. केरळने २००१मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ने वेगळे उत्तर शोधले. तिथे प्रशिक्षक म्हणून शाळेतलेच शिक्षक घडवले गेले, मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले गेले आणि माहिती तंत्रज्ञान थेट शालेय अभ्यासक्रमात आल्यामुळे प्रशिक्षणात शिकलेले दुसऱ्या दिवशी वर्गात वापरणे भागच पडले.

या अनुभवांना सैद्धांतिक भाषा मिळाली ती २००६मध्ये. मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी ‘टीपॅक’ ही चौकट मांडली. विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान स्वतंत्रपणे पुरेसे नसते. शिक्षकाला लागते ते या तिन्हींच्या संगमातले ज्ञान, असे तिचे सार. भूमितीचे उदाहरण घेऊ. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण काढणे पाच मिनिटांत शिकवता येते. पण त्याचा शिरोबिंदू ओढण्याआधी मुलांना ‘आता कोणता कोन मोठा होईल, आणि तिघांची बेरीज काय होईल?’ असे विचारून, त्यांचे अंदाज फळ्यावर लिहून, मगच माऊस हलवायचा हे ठरवणे, आणि बेरीज प्रत्येक वेळी १८०च येते हे दिसल्यावरही ‘दिसले म्हणजे सिद्ध झाले का?’ असा प्रश्न टाकणे, याला एक अख्खे सत्र लागते. आपल्याकडच्या बहुतेक वेळापत्रकांत पहिल्या पाच मिनिटांच्या कामाला दोन तास आहेत आणि दुसऱ्याला जागाच नाही.

महाराष्ट्रात वळण आले ते २०१५नंतर, आणि ते वरून आणि खालून एकाच वेळी आले. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयाने प्रत्येक मूल शिकले पाहिजे असे उद्दिष्ट ठेवले. त्याच सुमारास शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्यासारख्या लहान जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे केले होते, आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. शिक्षक शिक्षकाकडे शिकायला जातो, ही या काळाची मोठी कमाई. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द तेव्हाच रूढ झाला. तालुक्या-तालुक्यांत त्यांच्या याद्या झाल्या, कार्यशाळा भरल्या, व्हॉट्सॲपवर समूह झाले. फोनवर व्हिडिओ कसा कापावा, ऑनलाइन चाचणी कशी बनवावी, शाळेचा ब्लॉग कसा चालवावा हे या कार्यशाळांत पदरचे पैसे घालून शिकणारे शिक्षक होते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा केलेला प्रयोग याच वातावरणातला; त्यांना २०२०चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला.

तरीही या चळवळीची एक मर्यादा नजरेआड करता येत नाही. तंत्रस्नेही शिक्षकाची ओळख त्याने तयार केलेल्या व्हिडिओंच्या संख्येवरून होऊ लागली. शिवाय ‘सरल’सारख्या शासकीय ऑनलाइन प्रणालीत शाळेची आणि मुलांची माहिती भरण्याचे काम आले की केंद्रातील साऱ्या शाळांचे ओझे त्याच्याच गळ्यात पडे. ज्याच्याकडून पाठ शिकायचा, तो लॉगिन दुरुस्त करण्यात गुंतला.

५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हा केंद्र सरकारचा ऑनलाइन शिक्षण-मंच सुरू झाला, २०१९मध्ये देशातील सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ प्रशिक्षण जाहीर झाले आणि मार्च २०२०मध्ये शाळा बंद पडताच सगळेच पडद्यावर आले. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचे पाठ फोनवर पाठवले. ‘निष्ठा’चे घटकसंचही ऑनलाइन झाले. कास्केडची गळती एका फटक्यात थांबली, कारण मधली पायरीच उरली नाही. मात्र तिच्याबरोबर समोरासमोर बसून अडखळण्याची, शेजाऱ्याला विचारण्याची सोयही गेली. व्हिडिओ पुढे ढकलून शेवटची प्रश्नावली सोडवली तरी प्रमाणपत्र निघते, हे शिक्षकांच्या कोणत्याही समूहात उघड बोलले जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. हे तास भरायचे कसे, हा आता आखणी करणाऱ्यांपुढचा व्यवहार्य प्रश्न आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी त्यात आणखी एक विषय घातला आहे. सलग पाच दिवसांच्या कार्यशाळेऐवजी एक दिवस शिकणे, महिनाभर स्वतःच्या वर्गात करून पाहणे आणि मग पुन्हा जमून मुलांच्या वह्यांसकट त्यावर बोलणे, अशी रचना सुचवणारे अनेक जण आहेत. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही; केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद आपल्याकडे आधीपासून भरते. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत पाठावरच्या चर्चेला किती वेळ द्यायचा आणि माहिती भरण्याच्या सूचनांना किती, हे मात्र अजून केंद्रप्रमुखागणिक बदलते.