उरलेले नऊशे नव्व्याण्णव

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांनी बंधपत्राची, म्हणजे शिक्षण संपल्यावर सक्तीची, ग्रामीण सेवा टाळल्याची बातमी अधूनमधून येते आणि तिच्यामागोमाग ठरलेली चर्चा होते. एक बाजू म्हणते, दंड वाढवा. दुसरी म्हणते, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं आणि राहायला धड खोली द्या. खोलीचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, की वैद्यक शिकायचं ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आणि खेड्यात जायचं ते शिकलेलं वापरायला. माझं म्हणणं वेगळं आहे. फॅमिली डॉक्टरला लागणाऱ्या विद्येचा मोठा भाग मोठ्या रुग्णालयात शिकताच येत नाही. यात तिथल्या शिक्षकांचा काहीही दोष नाही. अडचण गणिताची आहे.

आरोग्यसेवांचे अभ्यासक केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिका आणि ब्रिटनमधली आकडेवारी जुळवून एक साधा हिशेब मांडला. एक हजार प्रौढ माणसं घ्या. महिनाभरात त्यांतल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागतं, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो फक्त १. पुढे २००१ साली अमेरिकेत हा हिशेब नव्याने केला, तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं. म्हणजे वैद्यकाचा विद्यार्थी साडेपाच वर्षं शिकतो ते मुख्यतः त्या एकाच्या खाटेपाशी उभं राहून. आणि तो एक तिथे येईपर्यंत तीन-चार चाळण्यांतून गेलेला असतो.

या चाळण्यांमुळे नेमकं काय बिघडतं, हा माझ्या आवडीचा भाग. इथे थोडी आकडेमोड आहे.

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या रुग्णांसाठी एक काल्पनिक तपासणी घेऊ. हृदयविकार असलेल्या शंभरांपैकी ९० जणांत ती 'आहे' म्हणते आणि नसलेल्या शंभरांपैकी ९० जणांत 'नाही' म्हणते. बऱ्यापैकी चांगली तपासणी. ती आधी शहरातल्या हृदयरोग विभागात वापरू. तिथे येणारे आधीच कुणीतरी तपासून पाठवलेले असतात, म्हणून हजारांतल्या ५०० जणांना खरोखर विकार आहे असं धरू. त्या ५०० पैकी ४५० जणांना तपासणी 'आहे' सांगेल. निरोगी ५०० पैकी ५० जणांना चुकून 'आहे' सांगेल. एकूण ५०० जणांना 'आहे' असा निकाल, त्यांत खरे ४५०. निकाल नव्वद टक्के भरवशाचा.

आता तीच तपासणी, तेच यंत्र, तोच डॉक्टर एखाद्या वाडीवर नेऊ. इथे छातीत दुखतंय म्हणणाऱ्यांत आम्लपित्तवाले आहेत, लावणी करून बरगड्यांचे स्नायू आखडलेले आहेत, काळजीने धडधड वाढलेले आहेत. हजारांत खरा हृदयविकार २० जणांना आहे असं समजू. त्यांतल्या १८ जणांना तपासणी पकडेल. पण उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांनाही ती 'आहे' म्हणेल. 'आहे' म्हटलेले ११६, खरे १८. नव्वद टक्के भरवसा साडेपंधरा टक्क्यांवर आला, आणि तपासणीत तर काडीचाही बदल झालेला नाही!

बदलली ती तपासणीआधीची शक्यता. अठराव्या शतकातले इंग्रज पाद्री थॉमस बेज यांच्या नावाचा प्रमेय आहे तो हाच. तो वापरायला सोपा व्हावा म्हणून टक्क्यांऐवजी 'असणारे आणि नसणारे' असं गुणोत्तर घ्यावं. वाडीवर ते २० ला ९८०, म्हणजे १ ला ४९. आपल्या तपासणीचा 'आहे' हा निकाल आजाऱ्यांत ९० टक्के वेळा येतो आणि निरोग्यांत १० टक्के वेळा, म्हणजे तिचं वजन नऊपट. १ ला ४९ चं झालं ९ ला ४९. दुसरा असाच नऊपट वजनाचा आणि पहिल्यावर अवलंबून नसलेला पुरावा मिळाला, तर ८१ ला ४९, म्हणजे बासष्ट टक्के. प्रत्येक पुराव्यागणिक एक गुणाकार, एवढंच.

आणि पुरावा म्हणजे यंत्रच हवं असं कुठे आहे? 'चढ चढताना दुखतं का, थांबलात की थांबतं का?' हा प्रश्नसुद्धा तपासणीच आहे. त्याच्या उत्तरालाही वजन असतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुरुवातीचं गुणोत्तर. समोरचा पन्नाशीचा माणूस रोज दोन बंडलं बिड्या ओढतो, त्याचा बाप आणि थोरला भाऊ दोघेही पन्नाशीच्या आत अचानक गेले, हे ज्या डॉक्टरला आधीपासून माहीत आहे, त्याचा हिशेब १ ला ४९ वरून सुरूच होत नाही. तो समजा १ ला ४ वरून सुरू होईल. मग तोच एक 'आहे' त्याला ९ ला ४ वर, जवळजवळ सत्तर टक्क्यांवर नेऊन ठेवतो. घराण्याची माहिती ठेवणारा फॅमिली डॉक्टर बरोबर ठरतो त्यात हातगुणाचा वाटा नाही. त्याच्याकडे पहिला आकडा इतरांपेक्षा चांगला असतो.

हा पहिला आकडा गावागणिक बदलतो, महिन्यागणिक बदलतो. ऑगस्टमध्ये कोकणात भातखाचरात राबणाऱ्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत ठणका असेल, तर लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, यादीत वर हवा. त्याच्यावर वेळेत दिलं तर डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध काम करतं. तेच फेब्रुवारी-मार्चमध्ये, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात काजूच्या बागेत काम करणाऱ्या बाईला ताप आला आणि आसपास माकडं मेल्याचं कानावर असेल, तर विचार माकडतापाचा करायला हवा. त्याचा विषाणू गोचिडीतून येतो. १९५७ साली तो शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला आणि २०१६ साली दोडामार्गात त्याची मोठी साथ आली. पुण्याच्या रुग्णालयात बसून हे पाठ करता येतं. पण 'माकडं मेलीत का?' हा प्रश्न तापाच्या प्रत्येक रुग्णाला आपसूक विचारण्याची सवय त्या तालुक्यात राहिल्याशिवाय लागत नाही.

आपल्याकडचं याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७०च्या दशकात ते आजच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तांबडा विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, तिथे फुप्फुसात पाणी भरून दगावत. बावस्कर रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांच्या नोंदी करत राहिले. या विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच राहतात, अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या दाबापुढे हरतं. रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे औषध त्यांनी पुढे या विषबाधेवर वापरलं आणि तीव्र विषबाधेतलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. हे काम लॅन्सेट या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. महानगरातल्या रुग्णालयाला हे दिसलं नसतं, कारण असे रुग्ण तिथवर पोचतच नव्हते.

विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाचं यशही याच गणितात बसतं. बहुतेक विंचूदंशांत नुसती वेदना होते आणि काही तासांत ती ओसरते. मोठ्या काळ्या विंचवाचं तर बहुधा असंच. म्हणजे मंत्र म्हटला काय, न म्हटला काय, बहुसंख्य लोक बरे होणारच, आणि श्रेय मंत्राला जातं. ज्या थोड्यांना दरदरून घाम आणि उलट्या सुरू होऊन हातपाय गार पडतात, त्यांचे मोलाचे तास या 'यशा'पायी वाया जातात. गावोगावच्या शिबिरांत खपवल्या जाणाऱ्या 'फुल बॉडी चेकअप'चं गणितही याचंच भावंड आहे. कसलीही तक्रार नसलेल्या माणसांवर वीस-पंचवीस तपासण्या केल्या, की खोटे 'आहे' निघणारच, आणि त्यांचा खर्च घरादाराला पडतो.

वाडीवरच्या तपासणीची दुसरी बाजूही बघा. तिथे 'नाही' असा निकाल ८८४ जणांना मिळतो आणि त्यांत चुकलेले फक्त २. शहरातल्या विभागात 'नाही' म्हटलेल्या ५०० मध्ये ५० चुकलेले. म्हणजे खेड्यातल्या डॉक्टरचं खरं कौशल्य 'हे गंभीर नाही' असं सांगण्यात आहे, आणि ते दोन निसटू नयेत म्हणून 'परवा परत दाखवा' म्हणण्यात. दोन दिवसांचा काळ ही त्याची आणखी एक तपासणी. पण रुग्णाला परत येणं परवडलं पाहिजे आणि डॉक्टर परवा तिथेच असला पाहिजे.

हे शिकवता येतं का? ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना अॅडलेडच्या रुग्णालयाऐवजी मरे नदीकाठच्या रिव्हरलँड भागात, गावातल्या फॅमिली डॉक्टरांच्या हाताखाली वर्षभर ठेवलं. परीक्षेत हे विद्यार्थी मागे पडले नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ते शहरात राहिलेल्यांपेक्षा सरस ठरले होते. आपल्याकडे सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून प्रत्येक तुकडीला एक गाव जोडून देतं. पहिल्याच वर्षी विद्यार्थी गावात मुक्काम करतात आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशभरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक योजना आणली आहे. कल्पना उत्तम आहे. पण रक्तदाब मोजून वहीत खूण करण्यापुरती ती उरली, तर पहिला आकडा कुणालाच कळणार नाही. सोबत गावात मुरलेला, शिकवण्याची हौस असलेला फॅमिली डॉक्टर हवा. आज फॅमिली मेडिसिनमध्ये एमडी देणारी महाविद्यालयं देशात फारच थोडी असल्याने असे शिक्षक तयार होण्याची वाटच अरुंद आहे.

आणखी एक गोष्ट हवी, आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत. अंदाज सुधारायचा तर तो बरोबर होता की चूक, हे कळावं लागतं. आज आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे पाठवणाऱ्या तरुण डॉक्टरला बहुतेक वेळा समजत नाही. रुग्ण घरी सोडताना अंतिम निदानाच्या दोन ओळी या डॉक्टरच्या मोबाइलवर पाठवायच्या. आणि ज्यांना त्याने पाठवलं नाही, त्यांची वेगळी वही ठेवून महिन्याच्या शेवटी आशाताईंसोबत बसून ती तपासायची: कोण बरं झालं, कोण परस्पर तालुक्याला गेलं, कोणाचं दुखणं वाढलं. फॅमिली मेडिसिनच्या एमडीच्या तीन वर्षांत या दोन नोंदी सक्तीच्या करायला नवा कायदा लागत नाही, अभ्यासक्रमातलं एक पान पुरतं.