नवी मुंबई कुठली? सिडकोची की महापालिकेची?

विकिपीडियावर नवी मुंबईच्या लेखाला हात घातला की पहिला वाद हमखास क्षेत्रफळावरून होतो. एक जण लिहितो ३४४ चौरस किलोमीटर. दुसरा ते खोडून १०८.६३ करतो. तिसरा लेखाच्या इतिहासाच्या पानावर, म्हणजे जिथे आधीचे सगळे बदल दिसतात तिथे, जाऊन तो बदल उलटवतो. गंमत म्हणजे दोघांकडे संदर्भ असतो, तोही सरकारी, आणि दोघांचाही आकडा खरा असतो. एक आकडा सिडकोने, म्हणजे राज्य सरकारच्या नगरविकास कंपनीने, वसवायला घेतलेल्या शहराचा आहे, दुसरा महापालिकेच्या हद्दीचा. नाव एकच असल्यामुळे आपण इथे राहणारेसुद्धा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबतो. बोलण्यात ते चालून जातं. ज्ञानकोशात चालत नाही, कारण तिथून शाळेतली मुलं प्रकल्पाला माहिती घेतात आणि बातमीदार घाईच्या वेळी आकडे उचलतात.

आधी सिडकोची नवी मुंबई. मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे जोडशहर उभं करावं ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. ३४४ चौरस किलोमीटर म्हणतात ते हेच क्षेत्र. त्यात १४ नोड, म्हणजे नियोजित उपनगरं, येतात: ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे, पुष्पक आणि द्रोणागिरी. हे क्षेत्र दोन जिल्ह्यांत पसरलंय, निम्मे नोड रायगडात आणि निम्मे, म्हणजे खाडीकाठचा उत्तरेकडचा पट्टा, ठाणे जिल्ह्यात.

महापालिका १ जानेवारी १९९२ ला कामाला लागली. तिची हद्द म्हणजे ठाणे तालुक्यातला पट्टा, उत्तरेला दिघ्यापासून दक्षिणेला बेलापूरजवळच्या दिवाळे गावापर्यंत. बेलापूर, नेरूळ, तुर्भे, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा ही तिची आठ विभाग कार्यालयं. खारघर तिच्यात नाही, कामोठे नाही, उलवे नाही. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल हे १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहेत. खारघरच्या रहिवाशाने पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिलं तर ते बरोबरच आहे, पण त्याचा नगरसेवक बेलापूरच्या मुख्यालयात बसत नाही, पनवेलला बसतो.

इतका साधा फरक असून गोंधळ का होतो, हे समजून घेतलं तर लेख सुधारणं सोपं जातं. सिडको भवन आणि महापालिकेचं मुख्यालय दोन्ही बेलापूरलाच आहेत. नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही, ती पनवेल आणि उरणपर्यंत जाते. एनएमएमटी ही महापालिकेची परिवहन सेवा, पण तिच्या बस खारघर, पनवेल, उरणला धावतात, मग ‘एनएमएमटी येते म्हणजे आपण नवी मुंबई महापालिकेत’ असं वाटणं साहजिक आहे. गाडीचा नंबर पाहावा तर वाशीच्या आरटीओचा एमएच ४३ आणि पनवेलचा एमएच ४६. पाण्याचं तर आणखी वेगळं: महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे, म्हणजे ती मालमत्ता पालिकेची आणि जागा तिच्या हद्दीबाहेरची. मेट्रोने दोन्ही हद्दी एका दोऱ्यात ओवल्या. १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेला बेलापूर ते पेंधर हा सुमारे ११ किलोमीटरचा मार्ग सिडकोने बांधला. तो महापालिकेच्या बेलापुरात सुरू होतो आणि पनवेल महापालिकेच्या खारघर, तळोजातून पुढे जातो.

आता हे सगळं लेखात उतरताना काय होतं ते लोकसंख्येच्या ओळीवर पाहू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याच्या यादीत नवी मुंबई महानगरपालिकेची लोकसंख्या ११ लाख २० हजारांच्या आसपास दिली आहे. त्याच जनगणनेत रायगड जिल्ह्याच्या यादीत ‘नवी मुंबई’ हे शब्द नावात असलेलं दुसरं एक शहर दिसतं, पनवेल तालुक्यातलं. ते जनगणना शहर, म्हणजे तेव्हा त्याला नगरपालिका नव्हती, आणि लोकसंख्या सुमारे १ लाख ९५ हजार. एखादा उत्साही संपादक दोन्ही ओळींची बेरीज करतो, १३ लाखांवर आकडा जातो, आणि माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या बाजूच्या तक्त्यात, क्षेत्रफळ मात्र ३४४ किंवा १०८.६३ यांपैकी कुठलं तरी राहतं. मग घनता आपोआप चुकते. साधी बेरीज करायला विकिपीडियाची हरकत नसते, पण दोन यादींतून आपणच एक शहर जुळवायचं आणि त्याला एकच नाव द्यायचं हे संदर्भाच्या पलीकडे जातं. त्या बेरजेतही पनवेल हे जुनं शहर नाही, उरण नाही. मग ती सिडकोच्या शहराची लोकसंख्याही नव्हे.

माझ्या मते उपाय एवढाच की माहितीचौकटीतल्या प्रत्येक आकड्यापुढे हद्द लिहावी. ‘लोकसंख्या (२०११, महापालिका क्षेत्र)’ असं. आणि सिडकोच्या संपूर्ण क्षेत्राचा विश्वसनीय आकडा हाताशी नसेल तर ती जागा रिकामी ठेवावी. बदलाचा सारांश लिहितानाही ‘आकडा दुरुस्त केला’ एवढ्याने भागत नाही. ‘२०११ जनगणना, मनपा हद्द, रायगडचं जनगणना शहर वेगळं’ असं लिहिलं की पुढच्या माणसाला उलटवण्याआधी थांबून विचार करावासा वाटतो. हा दोन सेकंदांचा त्रास पुढचे चार वाद वाचवतो.

क्षेत्रफळाच्या बाबतीतही तारीख लागतेच. कल्याण-शीळ बाजूची १४ गावं २००७ साली महापालिकेतून वगळली गेली आणि २०२४ साली पुन्हा तिच्यात घेण्याचा निर्णय झाला. १०८.६३ हा आकडा गावं बाहेर असतानाचा. सालाशिवाय तो दिला तर दोन वर्षांनी वाचणाऱ्याला तो कुठल्या हद्दीचा हे कळणार नाही. सिडकोच्या बाबतीत आणखी एक जाळं आहे, ते ‘नैना’चं. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी सिडकोकडे दिलेलं हे वेगळं क्षेत्र. सिडको तिथेही आहे म्हणून ते नवी मुंबईत मोजायचं नाही.

मोठ्या प्रकल्पांचं उदाहरण घ्या. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तो पनवेल तालुक्यात, उलव्याजवळ. जवाहरलाल नेहरू बंदर, जे २६ मे १९८९ पासून चालू आहे, ते उरण तालुक्यात न्हावा-शेवा इथे. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीहून निघतो आणि उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. तिन्ही ठिकाणं महापालिकेच्या हद्दीबाहेर. तेव्हा ‘नवी मुंबई महानगरपालिका’ या लेखात विमानतळाचा परिच्छेद टाकणं चूक आहे, आणि ‘नवी मुंबई’ या लेखातून तो काढणं तितकंच चूक. याउलट वाशी-तुर्भ्याचा एपीएमसी बाजार, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, पाम बीच रोड हे दोन्ही लेखांत जाऊ शकतात. खारघरचं सेंट्रल पार्क आणि पांडवकडा धबधबा यांचे फोटो पालिकेच्या लेखात दिसले तर ते हलवावेत.

खाडीबद्दल लिहितानाही हाच काटेकोरपणा हवा, कारण नवी मुंबईच्या लेखात समुद्राकाठचं शहर म्हणून जे काही असेल त्यातलं बरंचसं ठाण्याच्या खाडीतून येतं. २०१५ साली जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य खाडीच्या पश्चिम अंगाला, म्हणजे मुंबईच्या बाजूला आहे. ते पाहायला बोटी मात्र ऐरोलीहून सुटतात, तिथेच किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. खाडीला २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ असा दर्जा, मिळाला. नेरूळच्या पाणथळींवर उतरणारे फ्लेमिंगो हजारो लोक पाहतात, पण त्या पाणथळी या अभयारण्याच्या आत नाहीत. ‘नवी मुंबईतील फ्लेमिंगो अभयारण्य’ असं वाक्य लिहिलं की वाचणारा समजतो की त्या पाणथळींना आधीच अभयारण्याचं संरक्षण आहे. ज्यांना त्या वाचवायच्या आहेत त्यांच्यासाठी हे वाक्य घातक आहे.

मात्र हद्दीच्या काटेकोरपणाचा अतिरेक झाला तर एक गोष्ट गमावली जाते आणि त्याबद्दल मी ठाम आहे. नवी मुंबईचा इतिहास महापालिकेपासून सुरू होत नाही. शहराची जमीन आगरी आणि कोळी गावांची होती, भातशेती, मिठागरं आणि मासेमारीवर जगणाऱ्यांची. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना विकसित जमीन परत देणारी साडेबारा टक्के योजना या लढ्यातून आली. आज वाशी, सानपाडा, कोपरखैरण्यात गावठाणांच्या आजूबाजूला जे भूखंड आणि इमारती दिसतात त्यांतल्या कित्येकांचं मूळ या योजनेत आहे. आता कुणी म्हणालं की जासई महापालिकेत नाही, म्हणून हा परिच्छेद लेखातून काढू, तर हद्द पाळली जाईल आणि शहराचा पाया पुसला जाईल. हा प्रसंग सिडकोच्या नवी मुंबईचा आहे. तो ‘नवी मुंबई’ या मुख्य लेखात, वरच्या भागात, नीट संदर्भ देऊन असलाच पाहिजे.

म्हणून माझं मत असं: ‘नवी मुंबई’ हा लेख नियोजित शहराचा ठेवावा आणि ‘नवी मुंबई महानगरपालिका’ हा संस्थेचा, म्हणजे आयुक्त, महापौर, विभाग कार्यालयं, पाणीपुरवठा, परिवहन यांचा. मुख्य लेखाच्या अगदी वर एक ओळ असावी: ‘हा लेख सिडकोने विकसित केलेल्या शहराबद्दल आहे, त्यातील ठाणे जिल्ह्यातल्या भागाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेसाठी नवी मुंबई महानगरपालिका पाहा.’ वेगवेगळ्या भाषांतले लेख एकमेकांशी जोडणाऱ्या विकिडेटावर दोन्ही लेखांची नोंदही वेगळी असावी, नाहीतर इंग्रजी, हिंदी, गुजराती लेखांचे दुवे एकमेकांत अडकतात आणि एका भाषेतली चूक बाकीच्या भाषांत जाते.

एवढा मोठा बदल एकट्याने रातोरात करू नये. चर्चापानावर आधी प्रस्ताव मांडावा, कुठला परिच्छेद कुठे जाणार ते लिहावं, खाली चार टिल्डा (~~~~) टाकून सही करावी, आणि काही दिवस थांबावं. ज्यांनी आधी लेख लिहिलाय त्यांना इतिहासाच्या पानावरून शोधून त्यांच्या चर्चापानावर निरोप ठेवावा. ऐरोलीच्या माणसाला दिघ्याची हद्द पाठ असते, उरणच्या माणसाला द्रोणागिरी. एकत्र बसलं तर प्रत्येक जण आपल्या बाजूच्या चुका पटकन पकडतो. संदर्भांत राजपत्रातली अधिसूचना आणि जनगणनेची पुस्तिका सर्वांत भक्कम, त्यानंतर चांगल्या दैनिकांच्या बातम्या. सिडको आणि पालिका यांची संकेतस्थळं हद्दीपुरती चालतात, कौतुकासाठी नाही. त्यांचा मजकूर जसाच्या तसा उचलणं तर प्रताधिकाराचा भंग आहे, आणि असा परिच्छेद कुणीही काढून टाकू शकतो.

यापुढचं काम उलव्याचं आहे. उलवे सिडकोचा नोड आहे, नेरूळ-उरण रेल्वेमार्गावरची स्थानकं तिथे आहेत, विमानतळ शेजारी आहे, टॉवर भराभर उभे राहतायत. ते नवी मुंबई महापालिकेत नाही आणि २०१६ च्या पनवेल महापालिकेतही घेतलं गेलं नाही. त्यामुळे तिथला कारभार सिडको आणि ग्रामपंचायती यांच्यात वाटलेला आहे. नवी मुंबई म्हणजे महापालिका असं धरून लिहिलेल्या लेखात इथल्या माणसांना जागाच नाही. उलव्याच्या लेखाचं पहिलं वाक्य ‘उलवे हा रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील, सिडकोने विकसित केलेला नवी मुंबईचा नोड आहे’ असं असावं, आणि दुसऱ्या वाक्यात स्थानिक कारभार कोण पाहतो ते सालासकट यावं. जो कुणी उलव्यात राहतो आणि ज्याच्याकडे मोबाइलवर फोटो आहेत, त्याने खाडीकडची बाजू, स्टेशन आणि जुन्या गावांचे फोटो आधी विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर चढवावेत. प्रत्येक फोटोच्या वर्णनात गावाचं नाव, तालुका आणि तारीख लिहावी, म्हणजे उद्या हद्द बदलली तरी तो फोटो कुठला हे कुणाला विचारावं लागणार नाही.