गेमिंग पीसी घेताय? आधी वॉट बघा, पंखे नंतर

आमच्याकडे पीसी हॉलमध्ये आहे आणि आई पण हॉलमध्येच झोपते, त्यामुळे सायलेंट पीसी ही माझी हौस वगैरे नव्हती, गरजच होती. पहिला पीसी जमवला तेव्हा हे काही डोक्यातच नव्हतं. दुकानात काचेचं कॅबिनेट, समोर तीन रंगीबेरंगी पंखे, बघूनच मी गार. रात्री अकराला गेम लावला आणि पाच मिनिटांत आई उठून बसली, "मिक्सर कोण लावतंय रे आत्ता?" दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं तर ते तिन्ही पंखे एसएमपीएसच्या (म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) त्या जाड पांढऱ्या कनेक्टरवर थेट १२ व्होल्टला जोडलेले, म्हणजे पंख्यांचा स्पीड सांभाळणाऱ्या मदरबोर्डला त्यांचा पत्ताच नाही, पीसी नुसता चालू असला तरी पंखे फुल स्पीडला. दोन पंख्यांची वायर काढून टाकली, तापमान दोन-तीन डिग्रीच वाढलं, आवाज मात्र चांगलाच उतरला. तिथून मला हा नाद लागला.

लोक विचारतात, कुठला पंखा शांत आहे? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. पीसी जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते, स्क्रीनवर ड्रॅगन उडो नाहीतर एक्सेल शीट उघडलेली असो. ती उष्णता डब्याच्या बाहेर काढायची तर हवा लागते, आणि किती लागते ते कागदावर काढता येतं. एक लिटर हवा एक डिग्रीने तापवायला साधारण १.२ ज्यूल लागतात. समजा तुमचा पीसी गेम खेळताना २०० वॉट खातोय आणि आत आलेली हवा १० डिग्री तापून बाहेर गेली तर चालेल असं तुम्ही ठरवलं, तर हिशोब येतो सेकंदाला साधारण १७ लिटर. म्हणजे अंघोळीच्या बादलीएवढी हवा, दर सेकंदाला, सतत. ४०० वॉटचा पीसी घेतलात तर दोन बादल्या. ह्या बादल्या वाहून नेणारा हमाल म्हणजे पंखा, आणि हमालाला पळवलं की तो धापा टाकणारच.

आता धापा किती टाकतो ते बघा, कारण इथेच खरी गंमत आहे. पंख्याचा स्पीड निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते, पण आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने पडतो. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं, १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे १५ कमी म्हणजे निम्म्याहूनही बराच खाली. उलट सारखेच दोन पंखे शेजारी लावले तर आवाज दुप्पट वाटत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. मग एकच पंखा १२०० आरपीएमला (मिनिटाला १२०० फेरे) पळवण्याऐवजी दोन पंखे ६०० ला फिरवले तर हवा साधारण तेवढीच आणि आवाज १२ डेसिबल कमी. त्यातही १२० मिमीच्या ऐवजी १४० मिमीचा बसत असेल तर अजून बरं, मोठा पंखा तेवढीच हवा हळू फिरून देतो. एक महागडा "सायलेंट" पंखा घेण्यापेक्षा दोन साधे, पण हळू फिरवता येणारे पंखे घ्या असं मी म्हणतो ते ह्याच्यामुळे.

पण त्याच्याही आधी बादल्याच कमी करा ना! आणि गेमिंग पीसीत बादल्या भरतं कोण, तर ग्राफिक्स कार्ड. बजेटवाले आपण सगळे फक्त किंमत आणि फ्रेम (कार्ड सेकंदाला किती चित्रं बनवतं ते) बघतो, स्पेसिफिकेशनमध्ये खाली कुठेतरी वॉट लिहिलेले असतात तिकडे लक्षच जात नाही. आरटीएक्स ३०६० हे २०२१ चं कार्ड, १७० वॉटचं. त्याच्या पुढचं २०२३ चं ४०६०, ते ११५ वॉटचं, आणि बहुतेक गेममध्ये ३०६० पेक्षा पुढेच. सेकंडहँडमध्ये हा फरक अजून बोचतो, आरएक्स ५७०० एक्सटी स्वस्तात मिळतंय म्हणून लोक उड्या मारतात, पण ते २२५ वॉटचं आहे आणि साधारण त्याच्या जवळपासचं काम आरएक्स ६६०० हे १३२ वॉटमध्ये करतं. वाचवलेल्या पैशात तुम्ही ९० वॉटचा हीटर घरी आणताय, आणि त्याचा आवाज रोज ऐकणार आहात, शिवाय एमएसईबीचं बिल वेगळं. आणि एकाच चिपची एक पंख्याची आणि दोन पंख्यांची अशी कार्डं असतील तर हजार-दीड हजार जास्त देऊन दोन पंख्यांचं घ्या, कारण त्याला हीटसिंकही (उष्णता हवेत सोडणारे धातूचे पत्रे) मोठा येतो. तीन पंख्यांच्या मागे मात्र ११५ वॉटसाठी धावू नका, तो नुसता थाट.

कार्ड घेऊन झाल्यावर फुकटातला एक उपाय आहे तो बहुतेक जण करतच नाहीत. चिप किती वीज खाते हे चिपच्या आतल्या घड्याळाच्या (क्लॉकच्या) वेगाप्रमाणे सरळ वाढतं, पण व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतं. म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी केलं तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१, जवळजवळ १९ टक्के वीज वाचली. कंपन्या व्होल्टेज थोडं जास्तच ठेवतात, कारण लाखो चिपमधली सगळ्यात नाठाळ चिपसुद्धा चालली पाहिजे, तुमची चिप शहाणी असेल तर ते वरचं व्होल्टेज फुकट जातं. ह्याला अंडरव्होल्ट करणं म्हणतात, आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, थोडा वेळ द्यावा लागतो, गेम मधेच बंद पडला तर एक पायरी मागे यायचं. एवढी खटपट नको असेल तर त्यातलीच पॉवर लिमिटची (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज खायची त्याची) पट्टी ८० टक्क्यांवर ओढा आणि विसरून जा, माझ्याकडे ह्यात शंभरातले चार-पाच फ्रेम गेले, पंख्याची घरघर मात्र गेली. आणि तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ च चित्रं दाखवणारा असताना कार्ड १४० फ्रेम बनवत असेल तर त्यातले निम्मे तुम्हाला दिसतही नाहीत, कार्ड उगाच घाम गाळतंय. फ्रेम ७५ ला बांधून टाका.

प्रोसेसरचं त्यामानाने सोपं आहे. रायझन ५ ५६०० किंवा आय५ १२४००एफ, दोघांवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण ते अर्धसत्य, जोर लावला की रायझन ७६ पर्यंत जातो आणि १२४०० ला कंपनीच ११७ पर्यंत परवानगी देते. गेममध्ये एवढं लागत नाही. प्रोसेसरच्या खोक्यात येतो तो बुटका ॲल्युमिनियमचा कूलर काम करतो पण ओरडून करतो. दीड-दोन हजारात चार हीटपाइपचा टॉवर कूलर मिळतो, तो घ्या, ह्या सगळ्या यादीत पैशाला इतका जागणारा दुसरा पार्ट नाही. हीटपाइप म्हणजे तांब्याची भरीव कांडी असं मला कितीतरी दिवस वाटायचं, तर नाही, ती पोकळ नळी असते, आत चमचाभर सुद्धा नाही एवढं पाणी आणि हवा काढून टाकलेली, त्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं, वाफ वर जाऊन पत्र्यांपाशी थंड होते आणि आतल्या जाळीतून, दिव्याची वात तेल ओढते तसं, पाणी परत चिपपाशी येतं. वीज नाही, आवाज नाही. लिक्विड कूलर मात्र ह्या बजेटमध्ये अजिबात नको, पंखे तेवढेच राहतात आणि वर पंपाची गुणगुण मिळते.

कॅबिनेट घेताना समोर जाळी असलेलं घ्या. ऐकायला उलटं वाटतं, बंद डबा शांत असला पाहिजे ना? पण समोर काच असली की पंख्याला हवा कडेच्या फटीतून ओढावी लागते, मग तो पळतो, म्हणजे आपण परत तिथेच. फोम लावलेले सायलेंट डबे चिरका आवाज अडवतात, घुमणारा जाड आवाज बऱ्यापैकी तसाच येतो, आणि पैसे भरपूर. पंखे चार पिनवाले घ्या आणि मदरबोर्डवर पंखे जोडायच्या किती जागा आहेत ते आधी मोजा, स्वस्त बोर्डवर प्रोसेसरची एक आणि कॅबिनेटची एक एवढंच असतं, मग एका जागेवर दोन पंखे जोडणारी शंभर-दोनशेची स्प्लिटर वायर लागते. ती चौथी पिन पंख्याला स्पीड सांगते, सेकंदाला साधारण २५ हजार वेळा चालू-बंद करून, आणि २५ हजारच का, तर माणसाला २० हजारच्या वरचं ऐकू येत नाही म्हणून.

स्प्लिटरने माझं अजून एक दुखणं गेलं. पंखे शांत केले तरी रात्री एक "व्हूं... व्हूं... व्हूं" असा झोका घेणारा आवाज यायचा, मला वाटलं बेअरिंग गेलं. सात पात्यांचा पंखा १२०० आरपीएमला फिरतो तेव्हा सेकंदाला २० फेरे, गुणिले ७, म्हणजे १४० हर्ट्झचा सूर निघतो. शेजारचा पंखा १२३० ला फिरत असेल तर त्याचा सूर १४३.५. तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारा अगदी जवळ आल्या पण जुळल्या नाहीत की आवाज कसा हेलकावतो, तेच, सेकंदाला साडेतीन हेलकावे. गायक तारा जुळवतो, आपण उलटं करायचं, पंख्यांच्या स्पीडमध्ये चांगलं शंभर-दोनशेचं अंतर ठेवायचं किंवा सरळ स्पीडच उतरवायचा. स्प्लिटर लावल्यावर दोन्ही पंखे एका पट्टीवर आले, मी ते ७०० पर्यंत उतरवले आणि ते हेलकावे ऐकू येईनासे झाले.

एसएमपीएस चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा, शक्यतो कमी लोडला पंखा बंद ठेवणारा, एवढं बास. हार्डडिस्क शक्यतो नकोच, ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, ती थरथर पत्र्याच्या डब्याला लागली की डबा सतारीच्या भोपळ्यासारखा घुमतो. जुनी असेलच तर रबरावर बसवा.

मग येतो बायोसमधला (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमधला) फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती पळणार ती रेष. क्रोमचा एक टॅब उघडला तरी प्रोसेसरचं तापमान क्षणात १०-१५ डिग्री उडी मारतं आणि पंखा दचकल्यासारखा पळतो, पण त्या अर्धा किलोच्या कूलरला तापायला दोन-चार मिनिटं लागतात, त्यामुळे पंख्याला एवढी घाई करायची काहीच गरज नसते. ६५ डिग्रीपर्यंत सपाट रेष, त्याच्यावर हळू चढण, आणि स्पीड बदलायला काही सेकंदांची दिरंगाई. ७५ डिग्री दिसले तर घाबरू नका, ह्या चिपची कमाल मर्यादा ९० किंवा त्याच्या वर असते. एक मात्र लक्षात ठेवा, यूट्यूबवरचे रिव्ह्यू २०-२२ डिग्रीच्या खोलीत होतात, आणि कूलर फक्त खोलीच्या वर किती डिग्री ते ठरवतो. नागपुरात मे महिन्यात खोलीच ३८ असेल तर रिव्ह्यूच्या आकड्यात सरळ १६ मिळवा.

त्यात एक दिलासा असा की मे महिन्यात डोक्यावर सीलिंग फॅन पाचवर असतो आणि त्याच्या सळसळीत पीसीचा आवाज झाकून जातो, म्हणून उन्हाळ्याचा कर्व्ह मी बिनधास्त चढा ठेवतो. खरी परीक्षा डिसेंबरमध्ये, फॅन बंद, खिडक्या बंद. तेव्हा मला पहिल्यांदा कार्डातून किर्रर्र ऐकू आलं, तेही गेमच्या मेन्यूत, खेळताना नाहीच. ते पंख्याचं नसतं, कार्डावरच्या कॉइलमधून जाणारा करंट झपाट्याने कमी-जास्त होतो, तशी ती बारीक थरथरते, आणि मेन्यूत चित्र सोपं असल्यामुळे फ्रेम शेकड्यांनी पळतात म्हणून सूर चिरका लागतो, नेमका आपल्या कानाला सगळ्यात जास्त टोचणाऱ्या २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. फ्रेम ७५ ला बांधल्यावर तेही गेलं. दिवाळीच्या साफसफाईला ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवायची तेवढी विसरू नका, हवेने भन्नाट फिरवली की बेअरिंग खराब होतं.

आता रात्री खोलीत सगळ्यात मोठा आवाज सीलिंग फॅनच्या रेग्युलेटरचा येतो, दोनवर ठेवला की गुणगुणतो. आई म्हणते, तुझा तो पीसी आधी बंद कर. तो बंदच असतो.