बेस गिटार: घेण्याआधी आणि बँडमध्ये उतरण्याआधी (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“वाद्य चांगलं आहे, पण बँडमध्ये मी ऐकूच येत नाही.” ही तक्रार घेऊन जे आमच्याकडे येतात, त्यांच्या बेसमध्ये बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. अ‍ॅम्पचे नॉब कुठे ठेवता, असं आम्ही विचारतो आणि उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: लो पूर्ण वर, हाय पूर्ण वर, मिड तळाला. एकट्याने वाजवताना हा आवाज भारदस्त वाटतो. ड्रम आणि दोन गिटारी सुरू झाल्या की खालचा घुमारा किक ड्रममध्ये विरतो, वरची चमक झांजांखाली दबते, आणि बेसची ओळख जिथे असते त्या मधल्या पट्ट्यात आपणच खड्डा खणून ठेवलेला असतो.

चारतारी बेसची सगळ्यात जाड तार म्हणजे ई. तिची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ. गिटारच्या खालच्या ईची ८२, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून जास्त भरते. लहान स्पीकरला इतका खर्ज नीट उमटवता येत नाही. तरीही स्वर कोणता ते आपल्याला कळतं, कारण त्याच तारेतून ८२, १२४, १६५ हर्ट्झ असे उपस्वर निघत असतात आणि त्यांच्यावरून कान खालचा स्वर मनातच पुरा करतो. बोटाचा ठोका, तारेची गुरगुर, एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं हे सगळं साधारण २०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास ऐकू येतं. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. सगळे नॉब मध्यावर आणा, लो थोडा कमी करा, मिड थोडा वाढवा. घरी हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल. वाटू दे. रिहर्सलमध्ये वाजवून बघा आणि मग ठरवा.

दुसरा उपायही फुकटच. अ‍ॅम्प जमिनीवर, तुम्ही त्याच्यापासून हातभर पुढे, आणि स्पीकर तुमच्या पोटऱ्यांकडे तोंड करून. मधला आणि वरचा आवाज गुडघ्यांजवळून निघून जातो, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही म्हणून तुम्ही व्हॉल्यूम वाढवता, आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. अ‍ॅम्प मजबूत खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. जमिनीचा आधार सुटल्यामुळे खालचा घुमारा थोडा कमी होईल. बहुतेक खोल्यांत तो कमी झालेलाच बरा.

कोणता बेस घ्यावा

फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१मध्ये आला. त्याआधी हे काम माणसाएवढ्या उंचीचा डबल बेस करत असे. तो वाहून न्यायला जड, गोंगाटात ऐकू न येणारा, आणि पट्टीवर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) नसल्याने स्वर अचूक लावायला कठीण. फ्रेटमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७पासून त्यात दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) आला. दोन्ही तुकडे एकमेकांची विजेची गुणगुण खोडतात. एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, बस. पहिलाच बेस घेत असाल आणि काय वाजवणार हे अजून ठरलं नसेल, तर याच घडणीचा कुठल्याही चांगल्या बनावटीचा बेस घ्या, असं आम्ही सांगतो. यात आवाज बिघडवायला जागाच कमी आहे.

१९६०चा जॅझ बेस नटजवळ, म्हणजे पट्टीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे, अरुंद आहे, सुमारे ३८ मिलिमीटर. प्रिसिजनच्या घडणीत हीच रुंदी साधारण ४१ ते ४२ असते. आकड्यात फरक क्षुल्लक, हातात मात्र लगेच जाणवतो. जॅझला दोन पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले तर गुणगुण जाते, एक कमी केला की परत येते. दुरुस्तीला म्हणून जे जॅझ बेस येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा “बिघाड” एवढाच असतो. आम्ही दोन्ही नॉब पूर्ण फिरवून दाखवतो आणि वाद्य परत देतो.

बॉडीत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असलेले बेस म्हणजे अ‍ॅक्टिव्ह. १९७६च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून हा प्रकार सगळीकडे पसरला. लो आणि हाय हाताशीच मिळतात, लांब केबलमध्ये आवाज मंदावत नाही. फक्त लक्षात ठेवा: अशा बहुतेक वाद्यांत केबल खोचली की बॅटरी सुरू होते. वाजवून झाल्यावर केबल नेहमी तशीच ठेवलीत तर ९ व्होल्टची बॅटरी लवकर उतरते. ती उतरताना आधी आवाज फाटतो, मग गळपटतो, आणि हे नेमकं कार्यक्रमातच होतं. केसमध्ये एक जास्तीची ठेवा.

तारेची लांबी, म्हणजे स्केल, बहुतेक बेसवर ३४ इंच असते. ३० इंचांचे शॉर्ट स्केल लहान हातांसाठीच असतात असा समज आहे. पॉल मॅकार्टनी यांचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ३० इंचीच आहे, आणि तो काही हात लहान म्हणून नव्हे. आखूड तारेवरचा ताण कमी असतो, त्यामुळे आवाज गोल आणि मऊ येतो. खालची ई मात्र थोडी ढिली वाटते.

पाचतारी बेसबद्दल आमचं मत थोडं खडूस आहे. खालची बी सुमारे ३१ हर्ट्झची. तुमच्या गाण्यांत ई फ्लॅट, डी वगैरे खरंच लागत असतील तर जरूर घ्या. नुसतं “असू दे” म्हणून घेतलेली पाचवी तार वर्षभर फक्त दाबून ठेवावी लागते, कारण ती बाकीच्यांबरोबर आपोआप घुमत राहते. घेतलीतच, तर बी पहिल्या पाच फ्रेटवर वाजवून ऐका. तिथे ती भिजलेल्या दोरीसारखी वाटली तर वाद्य ठेवून द्या.

वाद्य हातात आलं की अ‍ॅम्पला जोडायची घाई करू नका. पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. नेक (वाद्याचा लांब दांडा) जमिनीकडे झुकला तर कार्यक्रमभर डाव्या हातानं तो पेलायचा आहे, वाजवायचंही त्याच हातानं. चार किलोपेक्षा जड वाद्य खांद्यावर घेऊन दोन तास उभं राहता येतं का, हे दुकानात बसून कळत नाही. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. होय, प्रत्येक. दहा मिनिटं जातात. एखाद्याच फ्रेटवर तार खरखरली किंवा स्वर मेल्यासारखा चटकन विझला तर तिथे काम आहे. शेवटी केबल खोचून जॅक हलवा, नॉब फिरवा. किरकिर असेल तर ती बहुधा साफ करता येते. वळलेला नेक सरळ होईलच असं नाही. वापरलेला बेस घ्यायला आमची हरकत नाही, उलट या चाचण्यांत पास झालेला जुना बेस नव्यापेक्षा सरस निघालेला आम्ही पाहिला आहे.

तारा आणि सेटअप

जुन्या बेसबद्दल “आता बदलायचाच” म्हणून येणाऱ्यांना आम्ही आधी नव्या तारा आणि सेटअप सुचवतो. आमचा एक ग्राहक यामुळे कमी होतो, पण महिन्याभरात तोच मित्राला घेऊन येतो.

सेटअप म्हणजे काय? पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबली की मध्यावर, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, जाडसर कागद जाईल एवढी फट हवी, साधारण ०.३ मिलिमीटर. नेकच्या आतला ट्रस रॉड ती ठरवतो. बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवली तर बहुतेकांना चालते. जोरात वाजवणाऱ्यांना थोडी जास्त लागते. त्यानंतर ब्रिजवरचे स्क्रू फिरवून बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) एकसारखा करायचा. हवेतला दमटपणा बदलला की लाकूड हलतं, त्यामुळे ऋतू पालटल्यावर तार अचानक खरखरू लागली तर घाबरू नका. ट्रस रॉड स्वतः फिरवायचा असेल तर एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. अडला तर जोर लावू नका, आमच्याकडे आणा.

तारांचा नेहमीचा संच ४५ ते १०५, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली जाडी. राउंडवाउंड तारांवर गोल तारेचा वेढा असतो, आवाज लखलखीत. फ्लॅटवाउंडवर चपट्या पट्टीचा, आवाज ठोस आणि काळा, बोट सरकताना चिरका आवाज नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंडच वापरत, तुटेपर्यंत बदलत नसत, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवत. राउंडवाउंड मात्र मंदावतात. पाण्यात उकळल्या की त्या काही दिवस परत उजळतात, हे खरं आहे. पातेलं वेगळं ठेवा.

अ‍ॅम्प, स्पीकर आणि वॅटचा गोंधळ

वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. १०० ऐवजी २०० वॅट म्हणजे ३ डेसिबलची वाढ, कानाला “हं, थोडं वाढलं” एवढीच. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. मग बेसला गिटारपेक्षा जास्त वॅट का लागतात? खर्ज हलवायला हवा जास्त ढकलावी लागते, आणि गिटारला शोभणारी फाटकी धार बेसला नेहमीच चालत नाही. ड्रमरबरोबर वाजवायचं असेल तर २०० ते ३०० वॅट आणि एक बारा इंची किंवा दोन दहा इंची स्पीकर, इथून सुरुवात करा असं आमचं मत. हेड (स्पीकरशिवायचा सुटा अ‍ॅम्प) मोठं करण्यापेक्षा दुसरं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडल्यानं जास्त फरक पडल्याचा अनुभव आहे.

इथे ओहम समजून घ्या, कारण अ‍ॅम्प जळतात ते यातच. ८ ओहमची दोन कॅबिनेटं नेहमीच्या पद्धतीनं जोडली की अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात. ४ ओहमची दोन जोडली की २. अ‍ॅम्पच्या मागे “किमान ४ ओहम” लिहिलं असेल तर दुसरी जोडणी करायची नाही. हेडवर छापलेले ३०० वॅट बहुधा ४ ओहमला असतात. एकच ८ ओहमचं कॅबिनेट लावलं तर त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त मिळतात. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका. आणि हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरचीच केबल लावा. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण आतली तार बारीक, ती तापते.

बेस थेट मिक्सरला जात असेल तर अ‍ॅम्प फक्त तुमच्या कानांसाठी उरतो, तेव्हा छोटा चालतो. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेला, बेस मिक्सरच्या साध्या इनपुटमध्ये खोचला की आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा येतो. मध्ये डीआय बॉक्स हवा, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी छोटी डबी. पेडलांमध्ये पहिलं ट्यूनर. बाकीची हौस नंतर.

कानांचंही बघा. १०० डेसिबलच्या खोलीत सुरक्षित वेळ अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या निकषानुसार जेमतेम १५ मिनिटं. रिहर्सल तीन तास चालते. इअरप्लग घ्या.

ड्रमरबरोबर

इतकं सगळं घेतल्यावरही बेस “बसत” नसेल तर खोट बहुधा स्वर संपवण्यात असते. स्वर कधी सुरू करायचा याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कधी थांबवायचा याकडे थोड्यांचंच. एक प्रयोग करा. ड्रमरला फक्त किक आणि स्नेअर वाजवायला सांगा. तुम्ही एकच स्वर, किकबरोबर. आधी तो स्वर स्नेअरपर्यंत लांबवा. मग स्नेअर पडायच्या क्षणी बोट हलकेच उचलून तोडा. मग किकनंतर लगेच तोडा. तीच तार, तोच स्वर, तोच ठेका, पण गाणी तीन. ही चार मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. तोडताना तारेवर डाव्या हाताची बोटं नुसती टेकलेली हवीत, उचलून वर गेलेली नकोत, नाहीतर मोकळी तार घुमते.

आमच्याकडे येताना बेस, पट्टा, रोजची केबल आणि रिहर्सलचं मोबाइलवरचं एखादं रेकॉर्डिंग आणा. ते कितीही खराब असलं तरी चालेल. वाद्य टेबलावर घेण्याआधी आम्ही तेच ऐकतो.